घरच्या सामन्याला कोण येते

रुमैथिया, कुवेत
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय जुईली,

हे पत्र मी कामासाठी लिहीत आहे. पहिल्याच वाक्यात ते सांगून टाकलेले बरे, म्हणजे ही बाई अचानक जवळीक साधू पाहते आहे असा संशय घेण्याचे कष्ट तुला पडणार नाहीत.

काम असे आहे. आमच्या महाविद्यालयाचा एक फुटबॉल संघ आहे आणि घरच्या मैदानावरचे त्याचे सामने बघायला कोणी येत नाही. संघ वाईट नाही. गेल्या हंगामात तो दुसरा आला होता. आमचे विद्यार्थी संघाचे नाव छापलेले टी-शर्ट घालून वर्गात बसतात, संघ जिंकला की एकमेकांना मोबाइलवर फटाक्यांची चित्रे पाठवतात, आणि सामन्याच्या संध्याकाळी मात्र फिरकत नाहीत. हे असे का होते, याचा अहवाल हंगाम संपेपर्यंत मला द्यायचा आहे, कारण महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणारी मी एकटीच.

या प्रश्नाचा रीतसर अभ्यास करणारी जगात किती माणसे असतील, हे मी शोधून पाहिले. बरीच आहेत. त्यांपैकी एकीचे वडील आत्ता शेजारच्या खोलीत डाळिंब सोलत बसले आहेत.

तुझ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मी तुझ्या प्रबंधाचा विषय वाचला. तिकीट काढलेले विद्यार्थीसुद्धा घरच्या सामन्याला का येत नाहीत, आणि आलेले मध्यंतरालाच का उठून जातात! विषय वाचून मला इतका आनंद झाला की मी आधी तुमचा अमेरिकन फुटबॉल शिकून घेतला. तो आपला फुटबॉल नव्हे, हे मान्य करायलाच मला एक आठवडा लागला. पण चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, हा एक नियम नीट समजला की बाकीचे सारे त्यातून आपोआप उलगडत जाते. तुमचा दुपारचा सामना इथे शनिवारी रात्री आठला दिसतो. तुझे बाबा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवतात आणि मी त्यांना नियम समजावून सांगते. त्यांना नियमांत फारसा रस नाही. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की ते चष्मा पुसतात. गेल्या शनिवारी त्यांनी विचारले, “पण ती बसते कुठं?” मी सांगितले की ती बसत नाही, ती प्रवेशद्वाराशी उभी राहून येणाऱ्यांची गणती करते; तसे तिने विभागाच्या पानावर लिहिले आहे. त्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, “मग गेट का दाखवत नाहीत हे लोक?”

माझी पद्धत आता सांगते. प्रेक्षक न येण्याची कारणे मी तीन गटांत विभागली आहेत: येण्यातला त्रास, खेळाचा दर्जा आणि आपलेपणा. आमचे मैदान महाविद्यालयात नाही, अर्दियाच्या गोदामांच्या मागे भाड्याने घेतलेले आहे; पुढच्या वर्षी ते ठेवायचे की नाही, हे माझ्या अहवालावर ठरेल. सप्टेंबरातला उन्हाळा तर तुला मी काय सांगावा, तू इथेच वाढलीस. काल गुरुवारी मी स्टँडमध्ये बसून मोजणी केली. माझ्यासह अकराजण होते, त्यांत दोघे रुग्णवाहिकेचे. सगळ्यांकडून मी प्रश्नावली भरून घेतली. तुझ्या दृष्टीने तिच्यात काही दोष असल्यास कळवावेस. उत्तराची सक्ती नाही.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण शामलाताई होत्या तेव्हा तुला दर शुक्रवारी सकाळी मोठ्याने मराठी वाचायला लावत, असे तुझ्या बाबांनी मला सांगितले आहे. आईने लावलेली सवय माझ्यामुळे मोडू नये.

आणखी एक माहिती, अहवालाबाहेरची. एप्रिलअखेर तुझे बाबा निवृत्त होत आहेत. त्यांनी तुला कळवले असेल असे मी गृहीत धरते, आणि आमच्या शास्त्रात गृहीतके मोकळेपणाने लिहून ठेवायची असतात. निवृत्तीबरोबर इकामा, इथे राहण्याचा परवाना, संपतो. मे महिन्यात हे घर सोडून आम्ही नाशिकला जाऊ. आमचे लग्न झाल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, तू या घरी आलेली नाहीस. मे महिन्यानंतर यायचे म्हटले तरी इथे दार उघडणारे कोणी असणार नाही.

कौमुदी


रुमैथिया
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रिय जुईली,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. सुरुवातीला तू मला ‘डॉ. कौमुदी’ म्हटले आहेस, ते वाचून मी हसले आणि मला बरेही वाटले. मी तुला काय म्हणायचे हे ठरलेले आहे. तू मला काय म्हणावेस याविषयी माझी कोणतीही अट नाही.

तू दाखवलेली चूक इतकी मूलभूत आहे की पहिल्या वर्षाच्या मुलीने केली असती तर मी तिला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवले असते. जे आले त्यांनाच मी विचारत बसले, की लोक का येत नाहीत! दुसऱ्या दिवशी वर्गात मी हाच दाखला फळ्यावर लिहिला. कोणाची चूक ते सांगितले नाही, पण मागच्या बाकावरच्या दर्शनाने “मॅम, हे तुम्हीच केलं ना?” असे विचारल्यावर मान डोलावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तुझी मेल तुझ्या बाबांनीही वाचली. “माझ्याबद्दल काही?” त्यांनी विचारले. काही नव्हते. “पण शेवटी रिगार्ड्स लिहिलंय,” ते म्हणाले. मी सांगितले की ते सगळेच सगळ्यांना लिहितात. “असू दे,” असे म्हणून ते बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला गेले.

आता खरी बातमी. माझ्याकडून दुसरी चूक झाली आहे आणि ती पहिलीहून मोठी आहे.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, तारेच्या जाळीबाहेर, गाड्या उभ्या असतात. काचा काळ्या, इंजिने चालू. त्या गोदामवाल्यांच्या असाव्यात असे समजून मी त्यांच्याकडे लक्ष दिले नव्हते. मध्येच तिकडून हॉर्नचा गोंगाट होई, तो मी निरीक्षणात ‘बाहेरील वाहतुकीचा व्यत्यय’ म्हणून नोंदवला होता. काल आमच्या संघाने दोन गोल केले आणि हा व्यत्यय दोन्ही वेळा गोलपाठोपाठ आला. माझे पेन थांबले. मी छत्री उघडली आणि मैदानाला वळसा घालून पलीकडे गेले.

जुईली, प्रेक्षक तिथे होते. गाडीत एसी लावून, मांडीवर पॉपकॉर्न घेऊन, आरामात सामना बघत होते. वीस-बावीस गाड्या असतील. मी ज्यांना अनुपस्थित ठरवले होते ते सगळे माझ्या समोरच बसलेले होते!

मला या गोष्टीची लाज अशासाठी वाटते की मी स्वतः तशीच वागते. आपल्या इमारतीखालच्या बकाल्यात, किराणा दुकानात, मी या उन्हाळ्यात एकदाही पाय ठेवलेला नाही. दारात गाडी उभी करायची, हॉर्न द्यायचा, काच दोन बोटे खाली करून खुबूसच्या रोट्या आणि दही घ्यायचे. या देशात जो माणूस दुकानात उतरत नाही तो फुटबॉलला उतरेल, असे मी कशाच्या आधारावर मानले? पुण्यात शिकलेले संख्याशास्त्र मी पुण्याच्या हवेसकट इकडे आणले होते.

तेव्हा आता माझा प्रश्न बदलला आहे. लोक येत का नाहीत, हा तो नव्हेच. आलेले लोक गाडीतून उतरत का नाहीत, हा आहे.

कौमुदी


रुमैथिया
शनिवार, २५ ऑक्टोबर

प्रिय जुईली,

गाड्या मोजू नका, डोकी मोजा, हा तुझा सल्ला मी अमलात आणला. काचेवर टकटक करून मी प्रत्येक गाडीतल्या माणसांना प्रश्न विचारते. प्रथम सगळ्यांना मी पार्किंगचा दंड करायला आले आहे असे वाटते, त्यामुळे काच खाली यायला वेळ लागतो. पण एकदा ती खाली आली की लोक मनापासून बोलतात. गार हवेचा झोत येतो तो वेगळाच.

‘उकाडा’ हे उत्तर सगळ्यांचेच आहे. ज्या उत्तरावर सगळ्यांचे एकमत असते त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण स्टँडमध्ये बसणाऱ्यांनाही तितकेच उकडते. वेगळेपण कुठे आहे ते शोधायला हवे होते आणि ते मला एका पांढऱ्या गाडीत सापडले.

गाडीत नूरबानू होत्या. हैदराबादच्या आहेत, इथल्या एका शाळेत उर्दू शिकवतात. संघाचा कप्तान तौफीक हा त्यांचा मुलगा. त्या प्रत्येक सामन्याला येतात आणि तो संपण्यापूर्वी निघून जातात, म्हणजे त्याच्या आधी घरी पोहोचून जणू दिवसभर आपण घरातच होतो असे दाखवता येते. त्याला ठाऊक आहे का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “उसने मैदान में आने को मना किया था, मैडम. गाड़ी खड़ी करने को नहीं.” हे त्याने पहिल्या वर्षी म्हटले होते म्हणे, मित्रांसमोर लाज वाटते म्हणून. आता तो तिसऱ्या वर्षात आहे. मग आता उतरून बघा की, मी सुचवले. त्यांनी मान हलवली. “बुलाएगा तो उतरूँगी.”

मी प्रश्नावलीत त्याच जागी एक नवा प्रश्न घातला: तुम्हाला या सामन्याला कोणी नाव घेऊन बोलावले होते का?

तीन आठवड्यांची उत्तरे जुळवली तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. स्टँडमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना कोणीतरी बोलावलेले होते. गाडीत बसणाऱ्यांना आणि घरी राहणाऱ्यांना जवळजवळ कोणीच नाही. पण खरा चकित करणारा भाग पुढे आहे. खेळाडू ओळखीपाळखीच्या लोकांना बोलावतात. वर्गातल्या मुलांना, शेजारच्या दुकानदाराला, एकाने तर आपल्या दंतवैद्यालाही बोलावले होते. सगळ्यात जवळच्यांना ते बोलावत नाहीत. भाऊ, खोलीतला सोबती, आई. तौफीकला मी कारण विचारले. तो गोंधळून म्हणाला, “मैम, वो तो घर की हैं. उनको क्या बोलना?”

हे वाक्य मी आधी ऐकले होते. आमच्या जेवणाच्या टेबलावर, मराठीत.

पाडव्याच्या दिवशी तुझे बाबा ओवाळून घेऊन बसले होते आणि तुझा मेसेज आला, फक्त शुभेच्छांचा. तो त्यांनी तीनदा वर-खाली करून पाहिला. मी म्हटले, तिला एकदा ये म्हणा ना. त्यांचा आवाज चढला. तुला माहीत आहे, तो सहसा चढत नाही. “घरच्या माणसाला आमंत्रण देतात का? तिचं घर आहे ते. उद्या तुला जेवायला बसवायला पत्रिका छापू?” मी म्हटले, ती दोन वर्षांपूर्वी फोनवर काय म्हणाली होती ते आठवा. ते म्हणाले, “टोमणा मारला तिनं.”

त्या फोनच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते आणि स्पीकर चालू होता, त्यामुळे मीही ऐकले होते. “बोलावलंत तर येईन,” असे तू म्हणाली होतीस. त्यांना ते लागले. जिला आपण पाहुणी मानतच नाही तिने पाहुणीसारखे बोलावे, याचे त्यांना वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे खोटे नव्हते. पण माझे शिक्षण वेगळे. मला ते एक साधे, पूर्ण, अर्थपूर्ण विधान वाटले होते. अट आहे आणि अट पुरी झाल्यास काय होईल तेही सांगितले आहे. याहून स्पष्ट कोणी काय बोलणार? ते तपासून पाहण्याऐवजी दोन वर्षे आपण सगळे त्याच्या स्वरावर चर्चा करत बसलो आहोत.

आमंत्रण मी देऊ शकले असते. तू आलीही नसतीस आणि ते योग्यच ठरले असते. ते आमंत्रण माझे नाही, त्यांचे आहे.

कौमुदी


रुमैथिया
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रिय जुईली,

तू या वेळी दीड पान लिहिलेस! आणि अर्धे मराठीत. ‘नियंत्रित गट’ हा शब्द तू कुठून शोधलास ते मला ठाऊक नाही. पण अगदी बरोबर आहे.

तुझी सूचना अशी होती की निम्म्या खेळाडूंनी आपल्या माणसांना नाव घेऊन बोलवावे आणि निम्म्यांनी नेहमीसारखे वागावे, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. या सूचनेमुळे माझा अहवाल वाचला. कारण मधल्या काळात हवा पालटली. संध्याकाळी आता शाल लागते. नियंत्रित गट नसता तर स्टँडमध्ये वाढलेले प्रेक्षक पाहून विभागप्रमुख म्हणाले असते, थंडी पडली म्हणून आले, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नसते. चिठ्ठ्या टाकून आम्ही खेळाडू निवडले. तौफीकची चिठ्ठी बोलावणाऱ्यांत निघाली. मी काही केले नाही, शपथेवर सांगते.

काल सामना झाला. ज्यांना बोलावले नव्हते त्यांतले बहुतेक अशा सुरेख हवेतसुद्धा काचा बंद करून गाडीतच बसले होते. ज्यांना बोलावले होते ते उतरले. नूरबानू पहिल्या रांगेत येऊन बसल्या. इस्त्रीची ओढणी, चहाचा थर्मास आणि सबंध स्टँडला पुरेल इतके बिस्किटांचे पुडे. तौफीकने त्यांना पाहिले, मान खाली घातली, आणि पुढच्या दहा मिनिटांत पेनल्टी थेट गोलखांबाच्या वरून गोदामाच्या पत्र्यावर मारली. पत्रा वाजला. सबंध स्टँडमध्ये त्याची आई एकटीच टाळ्या वाजवत होती. मी त्यांना हळूच सांगितले की हा गोल नव्हे. “मालूम है,” त्या म्हणाल्या, “मारा तो ज़ोर से ना.”

सामन्यानंतर तो जाळीपाशी आला, थर्मास आईच्या हातून घेतला आणि मित्रांसमोर तिच्यासोबत गाडीकडे चालत गेला. अहवालात हे कुठल्या रकान्यात टाकावे मला कळलेले नाही.

तू पत्राच्या शेवटी, जाता जाता विचारावे तसे विचारले आहेस, की ही युक्ती रागावलेल्या माणसांवरही चालते का. प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्याकडे त्याची आकडेवारी नाही. ज्यांना राग होता त्यांनी प्रश्नावलीत ‘राग’ असे लिहिलेले नाही. त्यांनी पार्किंगची अडचण लिहिली आहे.

आम्ही घर आवरायला घेतले आहे. पुस्तके, कपडे यांचे वर्गीकरण मला जमले. स्वयंपाकघरात मात्र मी अडले आहे. स्टीलच्या प्रत्येक डब्यावर, पातेल्यावर, वाटीवरसुद्धा ‘सौ. शामला’ असे नाव घातलेले आहे. मी चार वर्षे त्याच भांड्यांत रांधते. रोज ते नाव माझ्या अंगठ्याखाली येते आणि मला त्याचे कधी ओझे झाले नाही. या घरात आधीपासून असलेल्या बाईने स्वयंपाकघर लावून ठेवले आहे आणि मी त्यात उभी आहे, असेच वाटत आले. पण त्यांतले नाशिकला काय न्यायचे, तुझ्याकडे काय यायचे आणि कोणाला काय द्यायचे, हे ठरवणे माझ्या अधिकारात बसत नाही. तुझ्या बाबांच्याही नाही. त्यांना मी विचारले तर ते म्हणाले, “सगळं ने.” म्हणजे त्यांना कशालाही हात लावायचा नाही.

कौमुदी


रुमैथिया
रविवार, ३० नोव्हेंबर

प्रिय जुईली,

काल तुमच्या मैदानावरचा हंगामातला शेवटचा सामना आम्ही पाहिला. तू आधी सांगून ठेवले होतेस, की शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंचा निरोप असतो, सुरुवात चुकवू नका. तुझ्या बाबांनी पावणेआठलाच टेबल पुसून घेतले.

आपण ज्या स्टेडियमबद्दल बोलत आहोत त्यात सगळे रुमैथिया बसेल आणि तरी जागा उरेल. त्या एवढ्या मोठ्या मैदानाच्या मधोमध एकेका खेळाडूचे नाव पुकारत होते आणि त्याबरोबर त्याच्या आईवडिलांचेही. नाव पुकारले की ते दोघे बोगद्यातून बाहेर येत. कोणी लंगडत, कोणी फुले सांभाळत, एक आई तर उगीचच धावत आली. हेल्मेट काढलेले ते अगडबंब मुलगे तिथे उभे राहून वाट बघत होते.

तुझ्या बाबांनी विचारले, “ह्यांना पास असतो का?” मी म्हटले, नाव घेऊन बोलावतात. “सख्ख्या आईबापांना?” हो. “मोठ्यानं?” हो, सगळ्यांदेखत. त्यानंतर दोन्ही संघांनी बरेच यार्ड कमावले आणि गमावले. आम्हां दोघांपैकी कोणीही त्याकडे लक्ष दिले नाही.

मग मी त्यांना एक प्रश्न विचारला. तो विचारण्याआधी मी बराच काळ थांबले होते, कारण योग्य वेळी विचारलेला प्रश्न आणि अवेळी विचारलेला प्रश्न यांची उत्तरे सारखी नसतात. त्यांच्या पुतण्याच्या मुंजीच्या वेळी हे सुट्टी काढून नाशिकला गेले होते आणि आमंत्रणे करण्याचे काम त्यांच्याकडे होते. मी विचारले, अक्षता घेऊन पहिल्यांदा कोणाच्या घरी गेला होतात?

“अक्काकडं.”

सख्खी बहीण ना? घरचीच की. तिला फोनवर कळवले असते तर?

ते हसले. “तिनं पाऊल ठेवलं नसतं मांडवात. वर्षभर बोलली नसती. तुला अक्का माहिती नाही.”

ते हसत होते आणि हसता हसता थांबले. मी उठले. टेबलावरची ताटे उचलली. ते बराच वेळ लॅपटॉप मिटून त्याच्यावर हात ठेवून बसले होते. मग त्यांनी मला विचारले की अमेरिकेत अक्षता पाठवता येतात का, की कस्टमवाले तांदूळ अडवतात. मी सांगितले की अडवतात.

“मग?” ते म्हणाले.

मी म्हटले, तिला अक्षता नकोत. तिला तुमचा आवाज हवा आहे.

कौमुदी


रुमैथिया
शनिवार, ६ डिसेंबर

प्रिय जुईली,

कालचा फोन तू ऐकलास. पण तू फक्त ऐकलास, आणि या अभ्यासात मी एक धडा नीट शिकले आहे, की कानावर येणारा आवाज हा प्रसंगाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा तुला मिळायला हवा, म्हणून लिहिते.

दुपारी चारला त्यांनी दाढी केली. तुझ्याकडे सकाळ व्हायची वाट बघत होते. मग कपाटातून पांढरा शर्ट काढला, कंपनीच्या समारंभांना घालतात तो. मी विचारले, कुठे निघालात? ते म्हणाले, “बनियनवर आमंत्रण देतात का कोणी?” कपाळाला त्यांनी स्वतःच गंध लावले. सोफ्यावर बसले, उठले, शेवटी देवघरासमोर उभे राहिले. व्हिडिओ नको म्हणाले. “तिला मी असा दिसलो तर ती हसेल आणि मग माझ्याच्यानं बोलवणार नाही.” म्हणून तू ते सगळे पाहिले नाहीस.

तू फोन उचललास तेव्हा ते “जुईली, मी जयप्रकाश बोलतोय,” असे म्हणाले. स्वतःच्या मुलीला! तू “बाबा?” म्हणालीस, ते मलासुद्धा ऐकू आले. त्यांनी जे पाठ केले होते ते सगळे त्या क्षणी विसरले असावेत, कारण त्या पाठांतरात सनावळी होती, निवृत्तीची तारीख होती, व्हिसाची माहिती होती. त्यांतले काही आले नाही. भिंतीला हात टेकवून ते इतकेच म्हणाले, “तू घरी ये. मी बोलावतोय तुला. मी आणि कौमुदी, आम्ही दोघं बोलावतोय.”

यानंतर तुझ्याकडून बराच वेळ काही आले नाही. ती शांतता तुला कशी गेली मला ठाऊक नाही. इकडे त्यांनी ती डोळे मिटून, अजिबात न हलता ऐकून घेतली. मला वाटले लाइन तुटली. मग तू काहीतरी बोललीस, आणि त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, “जानेवारीत? किती दिवस?” आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले, कारण ते ऐकण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा होता.

ते आत आले तेव्हा शर्ट पाठीवर भिजलेला होता. डिसेंबरात. त्यांनी पाणी मागितले, प्यायले आणि म्हणाले, “येते म्हणाली.” मग थोड्या वेळाने, “रडली थोडी.” मग आणखी थोड्या वेळाने, “मी नाही.” मी हे तपासलेले नाही.

व्हिसासाठी तुझ्या पासपोर्टची प्रत लागेल. बाकीची धावपळ ते करणार आहेत आणि आनंदाने करणार आहेत. आज सकाळपासून त्यांनी दोनदा ती चौकशी केली आहे. तुझ्या खोलीतली खोकी मी बाहेर काढली. महाविद्यालयाचा अहवालही पुरा झाला. विभागप्रमुखांनी तो वाचून विचारले, की मॅडम, एवढ्या अभ्यासाचा निष्कर्ष इतका साधा? मी म्हटले, साधा आहे, सोपा नाही. पुढच्या वर्षीचे मैदान राहील असे दिसते.

एक गोष्ट राहिली. येताना काय आणू, असे तू विचारलेस, तेव्हा ते म्हणाले, “ते कौमुदीला विचार.” त्यांनी हे मला रात्री जेवताना सांगितले, अगदी सहज, जणू तू मला रोज काही ना काही विचारतच असतेस. तुला सांगते: तू विचारलेच पाहिजेस असे अजिबात नाही. ज्या माणसाशी आपण कधी फोनवर एकटे बोललो नाही त्याला पहिला फोन करणे हे किती अवघड असते याची मला पूर्ण कल्पना आहे, आणि म्हणून मी इथे पत्रातच उत्तर देऊन टाकते, म्हणजे तुझी सुटका होईल. तुला काही आणायची गरज नाही. गरम कपडे मात्र असू देत, कारण जानेवारीत समुद्रावरून वारा येतो तेव्हा

जुईली, इथेच थांबते. फोन वाजतो आहे. तुझे बाबा भाजी आणायला खाली गेले आहेत आणि त्यांचा फोन त्यांच्या खिशात आहे. वाजतो आहे तो माझा, आणि नंबर अमेरिकेचा आहे.